जुनी जर्मन मोटार घेताना

पुणे-नाशिक रस्त्यावरचं चाकण गाव कांद्याच्या, बटाट्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं. तो बाजार आजही भरतो; पण त्याच शिवारात आता जर्मन मोटारींचे कारखानेही उभे आहेत. २००९ साली मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन या दोन्ही कंपन्यांचे कारखाने तिथं सुरू झाले. चाकणला काय, हिंजवडी-माणला काय, उद्योगधंद्यांसाठी जमिनी गेल्या आणि वाडवडिलांनी कधी पाहिला नव्हता एवढा पैसा एकदम हाती आला. अशा पैशातून घर होतं, लग्नं होतात आणि दारात मोटार येते. नव्या जर्मन मोटारीची किंमत ऐकून मागं सरलेला माणूस मग जुन्या मोटारींच्या दुकानात जातो. तिथं तीच चकचकीत मोटार पाव किमतीत उभी असते. आणि मग एकच प्रश्न विचारला जातो : मर्सिडीज घ्यावी, बी.एम.डब्ल्यू. घ्यावी की ऑडी?

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी त्याच्या मागचा एक प्रश्न पाहिला पाहिजे. ही मोटार इतकी स्वस्त का झाली? ते कळलं, तर कोणती घ्यावी हे ठरवणं फारसं अवघड राहत नाही.

प्रथम या तिघी आपल्याकडे कशा आल्या ते थोडक्यात पाहू. मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी खेड्यातल्या वडीलधाऱ्यांना मोटारीच्या आधी मालट्रकवर दिसली. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला. जमशेदपूरला ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ मालट्रक तयार होऊ लागले. हा करार १९६९ पर्यंत चालला. पुढे १९९४ साली दोघांनी मिळून पुण्यात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीला ई-क्लास मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. बी.एम.डब्ल्यू.नं २००७ साली चेन्नईजवळ कारखाना काढला, तर त्याच सुमारास ऑडीच्या मोटारी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला, जोडल्या जाऊ लागल्या. ऑडी या नावाची एक गंमत आहे. ऑगस्ट हॉर्च नावाच्या इंजिनिअरनं ही कंपनी काढली. जर्मन भाषेत ‘हॉर्च’ म्हणजे ‘ऐक!’ पण स्वतःचं नाव त्याला आधीच्या कंपनीमुळे वापरता येईना, म्हणून त्यानं त्याचं लॅटिन भाषांतर केलं : ‘ऑडी’. रेडिओवर बोलणाऱ्याला हे नाव आवडावं असंच आहे!

ऑक्टोबर २०१० मध्ये याच औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक नवल घडलं. शहरातल्या उद्योजक, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकदमच खरेदी केल्या. स्टेट बँकेनं कर्ज दिलं. देशभर त्याची चर्चा झाली. त्या दिवशीच्या नव्या मोटारी आज पंधरा वर्षांच्या झाल्या. अशाच मोटारी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात जात आपल्यापर्यंत येतात.

आता त्या स्वस्त का होतात ते पाहू. वस्तू वापरली की तिची किंमत उतरते. याला हिशेबात घसारा म्हणतात. विमा कंपन्यांनी मोटारीची किंमत धरण्यासाठी घसाऱ्याचं जे कोष्टक वापरात आणलं, त्यात सहा महिन्यांवरच्या, एक वर्षापर्यंतच्या मोटारीला १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरलेला आहे. म्हणजे पाचव्या वर्षी कागदावरच निम्मी किंमत उडते. प्रत्यक्ष बाजारात महागड्या मोटारीची किंमत याहूनही झपाट्यानं उतरते. कारण ज्याच्यापाशी अशी मोटार घेण्याइतका पैसा आहे तो नवी घेतो, आणि ज्याला जुनी घ्यायची आहे तो तिच्या दुरुस्तीला भितो. गिऱ्हाईक थोडं, म्हणून किंमत कमी.

पण एक गोष्ट उतरत नाही. ती म्हणजे सुट्या भागांची किंमत. हे सारं त्रैराशिकाचं गणित आहे. शिक्षकांनी वर्गात फळ्यावर घालायलाही हरकत नाही. समजा, एक मोटार नवी असताना ४८ लाखांची होती. आठ वर्षांनी ती १२ लाखांना मिळाली. तिचा गिअरबॉक्स बिघडला आणि दुरुस्तीला ३ लाख लागले. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. पहिल्या मालकाच्या दृष्टीनं हा खर्च मोटारीच्या किमतीचा सोळावा हिस्सा झाला. आपल्या दृष्टीनं मात्र तो चौथा हिस्सा झाला! मोटार बारा लाखांची झाली तरी तिचं पोट अठ्ठेचाळीस लाखांचंच राहिलं. घोडा स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा दाणा काही स्वस्त होत नाही.

विमा आहे ना, असं कोणी म्हणेल. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, अपघातात भाग बदलावे लागले तर साध्या विम्यात रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. पाच ते दहा वर्षांच्या मोटारीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के कापले जातात. हा घसारा न कापणारी पॉलिसी असते, पण ती जुन्या मोटारीला सहसा मिळत नाही.

एवढं ध्यानात ठेवून आता तिघींकडे वळू. तिघीही उत्तम. वेग, आराम आणि अपघातातली सुरक्षितता यांत डावं-उजवं करणं कठीण. फरक आहे तो घडणीत. मर्सिडीज आणि बी.एम.डब्ल्यू.च्या बहुतेक सेदान मोटारींत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो. ऑडीच्या ए-४, ए-६ मध्ये तो पुढच्या चाकांना, आणि काही मोटारींत चारही चाकांना जातो. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेनं वस्तीवर जायचं असेल, तर पुढच्या चाकांनी ओढणारी मोटार अधिक सोयीची.

गिअरबॉक्सचंही तसंच. मर्सिडीज आणि बी.एम.डब्ल्यू.च्या या मोटारींत तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे देणारा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स बहुतेक ठिकाणी असतो. तो दणकट असतो, मात्र त्याचं तेल वेळच्या वेळी बदललेलं हवं. ऑडीच्या काही वर्षांच्या मोटारींत साखळी आणि कप्प्यांवर चालणारा मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स होता. नंतर दोन क्लचचा एस-ट्रॉनिक आला. हे चालवायला फार सुखाचे, पण दुरुस्तीला नाजूक. मोटार सावकाश चालताना हिसके देत असेल, तर तिथंच थांबावं.

प्रत्येकीचं एकेक दुखणं माहीत असावं. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणि काही ई-क्लासमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. पिशवी गळू लागली, की रात्री उभी केलेली मोटार सकाळी एका बाजूला बसलेली दिसते. बी.एम.डब्ल्यू.च्या २००७ नंतरच्या काही वर्षांतल्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची टायमिंगची साखळी इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली तर बदलण्यासाठी फार मोठी उतरवाउतरव करावी लागते. शिवाय बी.एम.डब्ल्यू.च्या कित्येक मोटारींत हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतात, म्हणून जादा चाक दिलेलं नसतं. आडगावात टायर फुटला तर ही गोष्ट आठवेल. आणि तिघींचंही एक सामाईक दुखणं आहे : पोट जमिनीलगत असतं. गावोगावचे गतिरोधक आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या यांवर इंजिनाखालचं तेलाचं भांडं घासतं, फुटतं.

डिझेलबद्दल एक शब्द. या इंजिनांत डिझेल बारीक छिद्रांतून हवेच्या दाबाच्या दीड हजार पटीनं किंवा त्याहूनही जोरानं फवारलं जातं. त्यामुळे भेसळीचं किंवा पाणी शिरलेलं डिझेल त्यांना मुळीच चालत नाही. पिंपातलं डिझेल ट्रॅक्टर सोसतो, ही मोटार सोसणार नाही. तसंच १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ नियमाच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी जाळी असते. मोटार रोज दोन-चार मैलच चालवली तर ती चोंदते. अधूनमधून लांबचा पल्ला होत नसेल, तर पेट्रोलची मोटार बरी.

आता मोटार पाहावी कशी? बैल घेताना आपण काय करतो? दात मोजतो, दोन दाती की चार दाती की जुळलेला ते पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो. विकणारा शिंगं रंगवून आणतो, पण शिंगांवर कोणी बैल घेत नाही. मोटारीचं तसंच आहे. रंग आणि चकाकी म्हणजे शिंगांचा हिंगूळ. मैलाचा आकडा मागं फिरवता येतो, म्हणून त्यावर विसंबू नये. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात चासी नंबर सांगून जुन्या दुरुस्त्यांची नोंद पाहावी, किंवा मालकालाच ती आणायला सांगावी. २०२० साली ८० हजार किलोमीटरची नोंद असेल आणि आज आकडा ६० हजार असेल, तर पुढे बोलायलाच नको. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘३५१८’ म्हणजे २०१८ सालातल्या ३५ व्या आठवड्याचा टायर.

मोटार सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. खडखड आणि धूर त्याच वेळी कळतो. उंचावर चढवून पोट पाहावं. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढावा. शेवटच्या वीतभर भागावर गाळाची रेघ असेल, तर मोटार पुरातून निघालेली आहे असं समजावं. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीकडे पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं, हे विसरू नये. कित्येक जर्मन मोटारींत विजेचे नाजूक यंत्रभाग गालिच्याखाली असतात. पाणी शिरलं की ते महिन्या-दोन महिन्यांनी हळूहळू दगा देतात. शेवटी, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक सोबत नेऊन संगणकी तपासणी करावी. त्याची फी ही खरेदीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची बाब आहे.

कागदपत्रांत गुरुजींची मदत घ्यावी. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो तसा तो आर.सी.वरही असतो. बँकेचं कर्ज फिटलं असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र हवं. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. आधीच्या मालकाची बोनसाची सूट मात्र आपल्याला मिळत नाही. आपली जुनी मोटार विकतानाही नाव बदललं की नाही ते पाहावं. नोंदीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिला आहे.

दिल्लीकडची मोटार आणखी स्वस्त मिळते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर हरित लवादानं २०१४-१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ती कायम केली, आणि तिथल्या मोटारी बाहेर येऊ लागल्या. पण त्यासाठी नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागतो. तो मिळवून मग स्वस्ताई मोजावी.

मग तिघींपैकी कोणती? मागच्या सीटवर आईवडिलांना आरामात बसवून न्यायचं असेल तर मर्सिडीज. स्वतः चालवण्याची हौस असेल तर बी.एम.डब्ल्यू.; वाटा ओल्या-कच्च्या असतील तर ऑडी. पण याहून मोठी कसोटी अशी, की जिची सेवा नोंद पूर्ण आहे, जिचा मालक पहिला किंवा दुसरा आहे आणि जिचा जाणता कारागीर आपल्याला जवळ आहे, ती मोटार घ्यावी. मग तिच्या नाकावर चांदणी असो, वर्तुळ असो की चार कड्या असोत. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग मिळतात, पण प्रत्येक भाग मिळेलच असं नाही आणि मिळालेला अस्सल असेलच असंही नाही.

किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बँकेत वेगळा ठेवावा. बारा लाख हाती असतील तर नऊ लाखांचीच मोटार पाहावी. बाजूला ठेवायला काही उरत नसेल, तर साधी देशी नवी मोटार घेण्यात कमीपणा नाही. आणि पैसा जमिनीचा असेल, तर आधी मुलांचं शिक्षण, विहीर, घर आणि ठेव यांचा हिशेब घरातल्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, एकत्र बसून मांडावा. मोटार बिघडली तर विकता येते, दुसरी घेता येते. जमीन एकदाच विकली जाते. तिच्या पैशाला मोटारीसारखा घसारा लागू देऊ नये.