शाळा व्यवस्थापन समिती केवळ सहीपुरती नाही

वस्तीजवळच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेबद्दल आपण विहारात, चौकात नेहमी बोलतो. शिक्षक कमी आहेत, मुलींच्या शौचालयाला कडी नाही, खिचडीत डाळ शोधावी लागते. पण हे सगळे जिथे अधिकाराने मांडायचे, ती जागा कायद्याने पालकांनाच दिली आहे. ती जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत ही समिती असते. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत तिचे काम सल्ला देण्यापुरते आहे. मात्र जिल्हा परिषद आणि पालिकेच्या शाळांत तिला देखरेखीचा पूर्ण अधिकार आहे.

समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद पुढची आहे : वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. १२ जणांच्या समितीत ९ पालक असतील आणि पटावरची एक तृतीयांश मुले या घटकांतील असतील, तर ३ पालक त्यांचेच हवेत. १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता. कायदेमंडळापुरता तो प्रश्न नव्हता. निर्णय होतो तिथे आपला माणूस बसतो की नाही, हा प्रश्न गावच्या शाळेतही तितकाच खरा आहे.

समितीची कामे कोणती?

पहिले, शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणे : शिक्षक वेळेवर येतात का, गळती झालेली मुले परत आली का, कुणाला मारहाण किंवा भेदभाव होतो का. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

दुसरे, शाळा विकास आराखडा तयार करणे. तीन वर्षांत किती मुले येतील, किती शिक्षक आणि वर्गखोल्या लागतील, हे त्यात मांडायचे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, हा कायद्याचाच निकष आहे. मागणी आराखड्यात लिहिलेली नसेल, तर नुसत्या तोंडी तक्रारीला वजन राहत नाही.

तिसरे, शाळेला मिळालेले अनुदान कशावर खर्च झाले ते तपासणे.

चौथे, पोषण आहारावर देखरेख. प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. ताट कुणाच्या शेजारी मांडले जाते, हेही पाहायचे असते.

प्रत्यक्षात आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना वेगळेच चित्र पाहतो. आई सदस्य असते, सभेला तिचा नवरा जातो. कुठे इतिवृत्त आधीच लिहून तयार असते आणि सहीसाठी वही घरी फिरते. सभा सकाळी अकराला ठेवली, तर रोजंदारीवर जाणारी बाई येणार कशी? मजुरी बुडवून तिने यावे, ही अपेक्षा चुकीची आहे. सभेची वेळ बदलून घेणे, हेच आपले पहिले काम आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी काय करावे? आपल्या शाळेची समिती कधी निवडली, सदस्य कोण, हे विचारा. माहिती मिळाली नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. निवडीची पालक सभा असेल, तेव्हा घरोघरी जाऊन पालकांना, विशेषतः मातांना, आणा. निवडून आलेल्या सदस्यांसोबत सभेआधी एक संध्याकाळ विहारात बसा, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवा. न वाचता सही करायची नाही, हे ठरवून घ्या. ऐकले नाही, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित आहे. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

चांगल्या शिक्षकांना अशा समितीचा आधारच वाटतो, हाही आमचा अनुभव आहे. शिक्षकांशी भांडण हा हेतू नाही. आपल्या मुलांची शाळा आपल्या डोळ्यांसमोर चालावी, एवढीच मागणी आहे.

जय भीम!