नखातील बुरशी आणि आपली यतना

मुरुड तालुक्यातील काशीद पांढऱ्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे. परंतु पावसाळ्यात या किनारपट्टीवर हवा इतकी दमट होते, की कपाटातल्या वह्यांनाही बुरशी धरते. पायांच्या नखांचेही तसेच होते. सकाळी पूजेचे स्नान, लगेच ओलसर पायांवर मोजे-बूट आणि रात्रीपर्यंत पेढी, हा व्यापारी कुटुंबांतील क्रम बुरशीला पोषकच ठरतो.

नख पिवळट वा तपकिरी होते, जाड व ठिसूळ बनते, बोटापासून सुटू लागते. पुढे चालतानाही दुखते. मात्र असे प्रत्येक नख बुरशीचेच नसते. सुमारे निम्म्या रुग्णांत कारण वेगळे निघते: घट्ट बुटांचा दाब, जुनी इजा किंवा सोरायसिस. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडून नखाचा कीस तपासून घ्यावा. दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम बुरशी बळावते.

निदान झाल्यावर सामान्यतः टर्बिनाफाइनच्या गोळ्या सुमारे 12 आठवडे देतात. तत्पूर्वी यकृताची रक्ततपासणी करतात. दुसरे औषध, इट्राकोनॅझोल, बहुधा कॅप्सूलच्या रूपात मिळते आणि कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. मनात शंका ठेवून उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा आपला आचार वैद्यांना आधीच सांगावा व गोळीतील घटकही विचारून घ्यावेत. विकार सौम्य असल्यास नखावर लावण्याचे औषधी लॅकरही पुरते.

धीर मात्र हवा. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नवे नख पूर्ण येण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. मधुमेही व्यक्तीने लाली, सूज वा पू दिसताच, आणि कोणीही नखात नवी काळी रेघ दिसल्यास, विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या शास्त्रांनी फुगीची गणना अनंतकायात केली आहे. ती उत्पन्नच होऊ नये म्हणून अन्नाबाबत आपण जी दक्षता घेतो, तीच पायांबाबत घ्यावी. स्नानानंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, मोजे सुती व रोज धुतलेले असावेत, बूट आलटून-पालटून वापरावेत, नेलकटर प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. नंतर औषधाने अनंत जीवांचा नाश करण्याहून आधीची ही यतना श्रेयस्कर. देहालाही आणि अहिंसेलाही.