जीबीएसमध्ये महागडं इंजेक्शन दुप्पट दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो का?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याजवळच्या किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागांत (हे नांदेड मराठवाड्यातलं नव्हे, पुण्यालगतचं) अनेकांच्या हातापायांतली ताकद अचानक जाऊ लागली. काही आठवड्यांत रुग्णांची संख्या 200 च्या पुढे गेली. आजार होता गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस.

यात आधी संसर्ग होतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जिवाणू सापडला. त्याच्या बाहेरच्या आवरणातले काही घटक आपल्या नसांवरच्या घटकांसारखे दिसतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी नसांवरही तुटून पडतात. जुलाब थांबलेले असतात, आणि दोन-तीन आठवड्यांत पाय लुळे पडू लागतात.

उपचार कोणते?

मुख्य उपचार दोनच. एक, आयव्हीआयजी: हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेलं इंजेक्शन. दुसरा, रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं. आयव्हीआयजीचा नेहमीचा डोस पाच दिवसांत मिळून वजनाच्या दर किलोमागे 2 ग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या! एकेक बाटली हजारो रुपयांची. घरचे सोनं, शेत विकायला निघतात ते इथेच.

1997 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 383 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांनंतर दोन्ही उपचारांचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. दोन्ही एकामागून एक देऊनही ठळक फायदा दिसला नाही. स्टेरॉइडचाही उपयोग होत नाही, हे 1993 च्या चाचणीत आधीच दिसलं होतं.

मग दुसरा डोस? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. लवकर बरं होण्याची शक्यता कमी असलेल्या 93 रुग्णांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. दुसऱ्या डोसने रुग्ण जास्त सुधारले नाहीत, उलट रक्ताच्या गाठींसारखे गंभीर दुष्परिणाम वाढले. त्यामुळे ‘अजून एक कोर्स देऊन बघू’ असं कुणी म्हटलं, तर त्याने काय साधणार हे विचारायला संकोच नको. मात्र सुधारून पुन्हा बिघडलेल्या रुग्णाचा निर्णय वेगळा असतो, तो डॉक्टरांवर सोडावा.

स्वस्त पर्यायही शोधला जातोय. यंत्राशिवाय, खाटेजवळच थोडा थोडा प्लाझ्मा काढण्याची पद्धत ढाक्यात 20 रुग्णांवर वापरून पाहिली गेली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती सुरक्षित वाटली. पण 20 हा आकडा छोटा आहे, ती आयव्हीआयजीइतकीच चांगली आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

वेळ का महत्त्वाची?

उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके चांगले. सुमारे चार-पाच रुग्णांपैकी एकाला व्हेंटिलेटर लागतो. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावातून निघणाऱ्यांसाठी इथे प्रवासाचे तासही मोजावे लागतात. दोन्ही पायांत मुंग्या आणि अशक्तपणा वाढत चालला असेल, तर मालिश किंवा सलाइनवर दिवस न घालवता हिंगोली किंवा नांदेडचं मोठं रुग्णालय गाठावं. निघताना आधार आणि रेशन कार्ड सोबत घ्यावं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजारावर उपचार मिळतात. गिळताना ठसका लागत असेल किंवा बोलताना दम लागत असेल, तर सकाळची वाट बघू नये.