शीर्षलेखाविना फाइल : शहापूर-मुरबाडच्या भूरचनेचा एक दाखला

संगणकात साठविलेल्या काही द्विमान फाइलींत केवळ आकडे असतात. ते कशाचे, किती ओळींचे व कोणत्या क्रमाचे, हे सांगणारा शीर्षलेख नसतो. अशा फाइलीचा अर्थ कसा लावावा, याचा विचार येथे एका जवळच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजण्यात आली. उत्तर अक्षांश १९ ते २० व पूर्व रेखांश ७३ ते ७४ यांमधील चौकोनाच्या फाइलीत शहापूर व मुरबाड हे तालुके येतात. चौकोनाचे स्थान फाइलीच्या नावातच काय ते असते. ते नाव हरवले आणि माहितीपत्रकही हाताशी नाही, असे समजू.

पहिला पुरावा आकारमानाचा. फाइल २८,८४,८०२ बाइटांची आहे. प्रत्येक आकडा दोन बाइटांचा मानल्यास १४,४२,४०१ आकडे होतात. ही संख्या १२०१ चा पूर्ण वर्ग होय. एका अंशाच्या ३६०० विकला. तीन विकलांच्या अंतराने १२०० भाग, आणि दोन्ही कडा धरून १२०१ बिंदू. म्हणजे जाळी चौरस आहे.

दुसरा प्रश्न बाइटांच्या क्रमाचा. १६४६ हा आकडा ६ व ११० या दोन बाइटांनी लिहिला जातो. ते उलट वाचले तर २८,१६६ येतात, आणि एव्हरेस्टही ८,८४९ मीटरच उंच आहे. योग्य क्रमाने वाचता शेजारच्या उंची हळूहळू बदलतात. चुकीच्या क्रमाने त्या उड्या मारतात. मध्येच -३२,७६८ आढळल्यास ती दरी नव्हे, मोजणी न झाल्याची खूण होय. आकडे ऋणही असू शकतात, हे त्यावरून कळते.

तिसरा प्रश्न दिशेचा. सर्वांत मोठा आकडा १६४६ हून थोडा कमी असेल, तर कळसूबाईचे स्मरण व्हावे; सुमारे ९० मीटर अंतराचे बिंदू नेमके शिखरावर पडतीलच असे नाही. ते शिखर अक्षांश १९.६० च्या जवळ आहे. पहिली ओळ उत्तरेची असेल, तर ते ४८० व्या ओळीच्या सुमारास यावे. दक्षिणेची असेल, तर ७२० व्या. सह्याद्रीची भिंत उजवीकडे व सखल प्रदेश डावीकडे दिसला, म्हणजे आडवा क्रमही निश्चित झाला.

हा केवळ बुद्धिविलास नव्हे. भातसा व तानसा जलाशय शहापूर तालुक्यात असून त्यांचे पाणी मुंबईस जाते. तरी याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बंधाऱ्याची जागा उंचीच्या आकड्यांवरून शोधणाऱ्याने ओळींचा क्रम उलटा धरला, तर ओढा भलत्याच डोंगरातून वाहताना दिसेल.

अचूक वाचनानेही फाइलीत नसलेली माहिती मिळत नाही. दाट रानात रडारला बहुधा जमिनीऐवजी झाडोऱ्याची उंची लागते, आणि जलाशयाच्या तळाचा ठाव त्यास लागत नाही. तात्पर्य, प्रत्येक अनुमान फाइलीबाहेरील एखाद्या ज्ञात गोष्टीशी ताडून पाहावे, आणि मगच त्यावर पुढील गणित उभारावे.