टोमॅटोच्या फुलाची कळ

बांधावरचे सोबती : लेखांक ७

डाळिंबाच्या बागेतल्या मधपेट्यांवरचा गेल्या आठवड्याचा लेख वाचून इंदापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले, "आमच्या टोमॅटोत एकरी किती पेट्या ठेवायच्या?" प्रश्न रास्त आहे, पण टोमॅटोचे काम पेटीवर भागत नाही. का, ते कळायला फूल हातात घ्यावे लागते.

सकाळी दव सुकल्यावर एक पिवळे फूल उलटे करून पाहा. पाकळ्या मागे मुरडलेल्या आणि मधोमध एक टोकदार नळी दिसेल. एकमेकांना चिकटलेल्या परागकोषांची ही नळी. बहुतेक फुलांत परागकोष उकलले की पराग उघड्यावर येतात. टोमॅटोचे परागकोष आतल्या अंगाला उकलतात. पराग नळीतच कोंडून राहतात आणि त्यांना बाहेर पडायला टोकाचीच वाट उरते. त्यातून या फुलात मकरंदही नाही. पेटीतली सातेरी किंवा इटालियन माशी इथे फारशी रमत नाही आणि आली तरी नळी हलवून पराग काढण्याची कला तिला अवगत नाही.

ती कला ज्यांना येते, त्यांतली एक आपल्या बांधावरच राहते. काळ्या पोटावर निळसर चमकदार पट्टे असलेली, मधमाशीच्याच आकाराची, पण एकटी राहणारी ही माशी. शास्त्रात तिच्या प्रजातीला (जीनस) 'अमेगिला' म्हणतात. ती फुलाला खालून लटकते, नळी जबड्यात धरते, अंग तिच्याभोवती मुडपते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. बारीक, चढ्या सुरातला 'झुंऽऽ' ऐकू येतो आणि टोकातून परागांची भुकटी तिच्या पोटावर पडते. थोडी भुकटी त्याच फुलाच्या स्त्रीकेसराला लागते. काळा भुंगा आणि जमिनीत बीळ करणाऱ्या काही लहान माश्याही हेच करतात. या पद्धतीला बझ पॉलिनेशन म्हणतात.

टोमॅटो स्वपरागी आहे. वाऱ्याने झाड हलले तरी काही पराग पडतात, म्हणून उघड्या रानात माशीवाचून फळ धरतच नाही असे नाही. फरक पडतो तो बियांत. स्त्रीकेसरावर पराग जितके जास्त, तितक्या बिया जास्त. आणि बिया भरल्या की गर भरतो, फळ वजनदार आणि सुडौल होते. जिथे वारा पोहोचत नाही, तिथे माशीची किंमत लगेच कळते. युरोपातल्या हरितगृहांत पूर्वी माणसे विजेची कंपनयंत्रे घेऊन घोस हलवत फिरायची. १९८७ च्या सुमारास बेल्जियममध्ये बम्बलबीच्या वसाहती विक्रीला आल्या आणि ते काम माशीकडे गेले. भारतात बम्बलबी हिमालयाकडच्या थंड प्रदेशातली. बारामतीचा उन्हाळा तिचा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरही बम्बलबी आणायला परवानगी नाही. तिथल्या संशोधकांनी आपल्या निळ्या पट्ट्यांच्या माशीच्या बहिणीकडे मोर्चा वळवला. ती सेकंदाला सुमारे ३५० वेळा डोके नळीवर आपटते, असे त्यांना दिसले.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मग आपल्या माश्यांना त्याची कळ कशी ठाऊक? उत्तर माळावर आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास किंवा कडबनवाडीच्या मुरमाड रानात तरवड फुलतो, त्याच्याही परागकोषांना टोकाशीच तोंड असते. वांग्याचेही तसेच. पाहुणा नवा असला, तरी कुलूप ओळखीचे निघाले.

म्हणून टोमॅटोची माशी विकत किंवा भाड्याने आणायची नाही, ती राहील अशी जागा ठेवायची. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या दरडीत, जुन्या कच्च्या भिंतीत बीळ करते. बेडवर मल्चिंग पेपर असतो. उरतो तो बांध, आणि तोही जेसीबीने सपाट केला तर तिने जावे कुठे? नीरा डाव्या कालव्याखाली दूरवर नुसता ऊस असतो, त्यात तिच्या पोटाला काही नाही. टोमॅटोही पराग देतो, मकरंद देत नाही. म्हणून बांधाला तुळस, सब्जा, एकदांडी राहू द्या. तरवड खोडू नका. बांधणीचे जुने बांबू जाळण्याआधी पाहा. बोट जाईल एवढे गोल भोक दिसले, तर आत भुंग्याचे घर आहे. तो बांबू बांधाला टेकवून ठेवा. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधे टाळा. फवारणी करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा.

आपल्या प्लॉटवर ती येते की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. कालपरवा उमललेली दहा-वीस फुले उलटी करा. नळीवर तपकिरी, चिमटा घेतल्यासारखे डाग दिसले, तर ते तिच्या जबड्याचे. फळतोडणीला तुम्ही मजूर मोजता, क्रेट मोजता. यंदा एकदा हे डागही मोजा. एकही सापडला नाही, तर उठून बांधाकडे बघा.

(पुढील आठवड्यात : बियाण्याच्या कांद्याचे गोंडे आणि त्यावरची वर्दळ)