मे महिन्यातली ईद आणि दारातला बकरा

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, हे आम्ही दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो. मुले मान डोलावतात आणि विसरून जातात. यंदा मात्र हा धडा दारात बांधलेला दिसणार आहे. २०२४ साली बकरी ईद १७ जूनला आली, २०२५ साली ७ जूनला. दोन्ही वर्षी पाऊस ईदच्या आधी मुंबईत पोहोचला होता. २०२५ मध्ये तर तो २६ मेलाच आला. आता चंद्रदर्शनानुसार २०२६ ची ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात, २०२७ ची मेच्या मध्यावर आणि २०२८ ची मेच्या पहिल्या आठवड्यात येते आहे. त्यानंतर एप्रिल. यापूर्वी ती भर मेमध्ये आली होती १९९४ आणि १९९५ साली. म्हणजे आज देवनारहून बकरा घेऊन येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांना मेमधल्या ईदचा अनुभवच नाही. नाना-नानींना आहे, त्यांना जरूर विचारा.

मुंबईचे ऊन तसे फसवे असते. नागपूर-जळगावचे लोक आपल्या ३४ अंशांना हसतात. हवामान खातेसुद्धा किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच, पारा सरासरीच्या साडेचार अंश वर गेला तर, उष्णतेची लाट मानते. मैदानी प्रदेशात हाच आकडा ४० आहे. पण आपल्या हवेत समुद्राची ओल असते आणि जनावराला ती ओलच भोवते. आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होते. मांजराला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, बकऱ्याला अगदी थोडा, पक्ष्यांना मुळीच नाही. ती धापा टाकून आतली ओल हवेत सोडतात आणि थंड होतात. हवा आधीच ओलीचिंब असेल तर ही ओल जाणार कुठे? जनावर धापा टाकत राहते, दमते, आणि अंग मात्र तापतच जाते. कूलर नागपुरात चालतो आणि परळच्या खोलीत नुसता दमटपणा वाढवतो, त्याचे कारणही हेच.

देवनारच्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून बकरे येतात. कोरड्या उन्हाची सवय असलेले हे जनावर ट्रकमध्ये दाटीवाटीने उभे राहून, दमलेले आणि तहानलेले, आपल्या दमट हवेत उतरते. तेव्हा खरेदी शक्यतो रात्री किंवा फजरनंतर लगेच करावी आणि अकरा ते चार या वेळात त्याला रस्त्यावर काढू नये. टेम्पोत पाय बांधून आडवे टाकणे, गाडीच्या डिकीत कोंबणे हे प्रकार दरवर्षी दिसतात. डिकीत वारा नसतो. मेच्या दुपारी बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते, आणि मुंबईत सिग्नलला किती मिनिटे जातात हे सांगायला नको.

घरी आणल्यावर पहिले काम सावली आणि पाणी. पाणी थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा. मोठा बकरा उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी पितो, आणि घाणेरड्या बादलीला तोंड लावत नाही. लेंड्या पडलेले पाणी तो पीत नाही म्हणजे त्याला तहान नाही, असा अर्थ काढू नये. पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ घालता येतो. साधे पाणीही शेजारी असू द्यावे.

बांधायचे कुठे, हा आपल्या भागातला खरा पेच. लालबाग-परळच्या चाळीत गॅलरी असते, भायखळ्याच्या बीआयटी चाळीत लांब पॅसेज असतो, नव्या टॉवरमध्ये पार्किंग. गच्ची नको. गच्चीचा कोबा संध्याकाळी सात वाजताही तापलेला असतो. खात्री नसेल तर चप्पल काढून पाहावे. पत्र्याची शेडही नको. सावली दिसते, पण पत्रा वरून आग ओकत असतो. पार्किंगमध्ये गाड्यांचा धूर नसलेला, वारा येणारा कोपरा पाहावा. खाली भिजवलेले गोणपाट अंथरावे. काही जण तेच ओले गोणपाट बकऱ्याच्या पाठीवर टाकून ठेवतात. वारा नसेल तर त्याने वाफ आतच कोंडते. त्यापेक्षा पंखा लावावा आणि पाय, पोट, मान अधूनमधून ओली करावी. दोरी इतकी लांब हवी की त्याला सावलीच्या मागे सरकता येईल, पण कठड्यावरून उडी मारता येणार नाही. पॅसेज दोन वेळा धुवावा. शेजारी हिंदू असोत वा मुसलमान, मेच्या उकाड्यात वास सगळ्यांना सारखाच येतो.

आता मुलांविषयी. बकरा आला की मजल्यावरची सगळी मुले त्याच्याभोवती, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी असते. पाव, बिस्किटे, चपात्या, रात्रीचा पुलाव. हे लाड जिवावर बेततात. बकऱ्याचे पोट पाल्या-चाऱ्यासाठी बनलेले आहे. एकदम पिठाचे, धान्याचे पदार्थ गेले की पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि जनावर एका दिवसात आडवे होते. त्यात उन्हाने अंगातले पाणी कमी झालेले असेल तर विचारूच नका. हिरवा पाला, लसूणघास, थोडा कोरडा चारा, एवढे पुरे. चारा पहाटे आणि रात्री द्यावा, कारण चारा पचताना अंगात उष्णता तयार होते. मुलांना पाण्याची बादली बदलण्याची जबाबदारी द्यावी. आमचा शाळेतला अनुभव असा आहे की नुसते ‘हे करू नका’ म्हटलेले मुलांच्या डोक्यात राहत नाही. हातात काम दिले की राहते.

कुर्बानीचे जनावर उघड आजारी असू नये, ही अट घराघरांत माहीत आहे. बकरा आजारी पडला तर काय करायचे, हा मसला आपल्या आलिमांना विचारावा. पण केवळ कुर्बानी अडेल म्हणून त्याला जपायचे, हा हिशेब आम्हाला कोता वाटतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जनावर जिबह करतानाही सुरी धारदार ठेवण्याची आणि त्याला आराम देण्याची शिकवण दिली आहे. शेवटच्या क्षणी ज्याचा आराम पाहायचा, त्याला आधीचे आठ दिवस पत्र्याखाली उभे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

उष्माघात ओळखणे अवघड नाही. तोंड उघडे, मान पुढे ताणलेली, लाळ गळते, हिरड्या लालभडक, उठवले तर पाय लटपटतात. बकऱ्याच्या अंगाचे तापमान एरवी ३९ अंशांच्या आसपास असते, मांजराचे त्याहून किंचित कमी. ४१ च्या पुढे गेले की जिवाला धोका. लगेच सावलीत घ्यावे, पंखा लावावा, पोटावर, जांघेत, पायांवर साधे थंड पाणी ओतत राहावे. बर्फ नको, बर्फाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. बेशुद्ध होत चाललेल्या जनावराच्या घशात बाटलीने पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. अंग निवू लागले की डॉक्टर गाठावा.

आपण याबाबतीत नशीबवान आहोत. मुंबईत जनावरांवरील क्रूरता रोखणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली आणि १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय परळला उभे राहिले. जुने लोक त्याला आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, कारण तेव्हाचे शहर बैल आणि घोड्यांवरच चालत होते. परळलाच १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. गल्लीतले खासगी दवाखाने बहुधा कुत्री-मांजरे पाहतात, बकरा पाहतीलच असे नाही. म्हणून बकरा घरी आणण्याआधी तो कोण तपासेल याची चौकशी करून नंबर लिहून ठेवावा. नेताना टॅक्सीच्या काचा खाली ठेवाव्यात आणि अंग ओले असू द्यावे.

बकरा आठ दिवसांचा पाहुणा. मांजर बारा महिन्यांचे. हल्ली आपल्या घरांत पर्शियन मांजरांची फार हौस आहे. थंड मुलखासाठी बनलेली दाट लव आणि चपटे नाक; नाक आखूड म्हणजे धाप टाकायला जागाच कमी. अशा मांजराला पोटमाळ्यावर किंवा पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ठेवणे धोक्याचे आहे. मोरीची गार फरशी त्याला मोकळी ठेवावी. केस मुळापासून भादरू नयेत, कातडी उन्हाने भाजते. रोज विंचरून गुंता काढला की वारा आत जातो. पाणी दोन-तीन ठिकाणी, मातीच्या पसरट भांड्यात, त्याच्या शौचाच्या ट्रेपासून लांब ठेवावे. उकाड्यात खिडक्या सताड उघडतो तेव्हा जाळी लावायला विसरू नये. चौथ्या मजल्यावरून मांजर पडते ते याच दिवसांत.

आणि मेची सुट्टी. रत्नागिरी, महाड, श्रीवर्धनची माणसे गावाला जातात, खोलीला कुलूप लागते. ‘दोन वाट्या पाणी आणि खाऊ ठेवलाय, चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ हे वाक्य आम्ही बऱ्याच दारांत ऐकले आहे. बंद खिडक्यांची खोली मेमध्ये दुपारी काय होते याची कल्पना करा. वाटी पहिल्याच दिवशी कलंडू शकते. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला सोडलेही नाही, म्हणून तिला शिक्षा झाली, ही हदीस आपण मुलांना पाठ करून घेतो. कुलूप लावताना ती आठवावी. किल्ली शेजारच्या खालाकडे द्यावी आणि दिवसातून दोनदा दार उघडायला सांगावे. सोबत न्यायचेच असेल तर पहाटेची गाडी, भोके असलेली टोपली, खाली ओलसर फडके.

पक्ष्यांचे थोडक्यात. पिंजरा सकाळी जिथे सावलीत असतो तिथे दुपारी तीनला पश्चिमेचे ऊन येते, त्यामुळे जागा दिवसातून दोनदा बदलावी. प्लास्टिकच्या वाटीतले पाणी तापते; तीन वेळा नवे भरावे. आंघोळीला उथळ ताटली द्यावी. जाता जाता हेही सांगून टाकू, की आपला देशी हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही गोड सलाम करत असो. माशांच्या टाकीत बर्फाचे खडे टाकू नयेत. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून झाकण अर्धे उघडे ठेवून पंप चालू ठेवावा आणि थोडे थोडे पाणी बदलावे.

राहिली दाराबाहेरची जनावरे. कुत्रा घरात ठेवण्याबद्दल आपल्याकडे जे संकेत आहेत ते आहेत. पण तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, हेही आपल्याच हदीसमध्ये आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी कलते केले होते. जुन्या मुंबईच्या दानशूरांनी बांधलेल्या प्याऊंवर माणसांच्या तोट्यांबरोबर गुराघोड्यांसाठी हौदही असत. मस्जिद बंदरजवळची १८७६ सालची केशवजी नाईक प्याऊ आजही उभी आहे. बैल गेले, घोडे गेले, बऱ्याच प्याऊ कोरड्या पडल्या. गल्लीतली मांजरे-कुत्री-कावळे मात्र तिथेच आहेत. इमारतीच्या जिन्याखाली सावलीत एक जड मातीचे भांडे पुरते. ते रोज ओतून घासून नव्याने भरावे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात आणि त्या अंड्यांतून आठवड्याभरात डास उडू लागतात. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. आळीपाळीने एकेका घराने एकेक दिवस घेतला तर कुणावर भार पडत नाही. ईदनंतर बकऱ्याची बादली रिकामी होईल, तीच या कामाला लावता येईल. फक्त ती उंच असते, मांजराचे पिल्लू आत पडू नये म्हणून तिच्यात एक वीट उभी ठेवावी.