काळ्या दगडाखालचे तेल : छोट्या शोध कंपन्या कशा चालतात आणि आपण काय विचारावे



बदनावर, धार आणि देवास या पट्ट्यात आपल्या अनेक कुटुंबांची शेती पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्यांची शेती उरली नाही, त्यांची पेन्शन आणि बचत आहे. जमिनीखालच्या तेलाची गोष्ट या दोन्ही दारांनी घरात येऊ शकते. कधी सर्वेक्षणाची माणसे शेतातून तारा टाकण्याची परवानगी मागतात. कधी मोबाइलवर निरोप येतो की अमुक छोट्या कंपनीला तेलाचा ब्लॉक मिळाला आहे, शेअर आत्ताच घेऊन ठेवा. दोन्ही वेळा उत्तर घाईने मागितले जाते. म्हणून हा विषय निवांतपणे समजून घ्यावा, असे आम्हाला वाटले.

आपल्या पायाखाली काय आहे?

ज्यांनी शेतात ट्यूबवेल खोदली आहे त्यांना मालव्याची जमीन आतून ठाऊक असते. वर काळी माती, मग मुरूम, मग कठीण काळा दगड. मध्येच लालसर मातीचा पातळ थर लागतो आणि पुन्हा काळा दगड सुरू होतो. हा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. एक लोट थंड झाला, त्याच्या माथ्यावर माती झाली, त्यावर दुसरा लोट आला. तो लाल थर म्हणजे दोन लोटांमधली विश्रांती. महाराष्ट्रातला सह्याद्री आणि आपला मालवा एकाच दगडाचे आहेत. या दगडाने आज देशाचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग झाकलेला आहे.

लाव्ह्यात तेल तयार होत नाही. प्रश्न त्याच्याखाली काय आहे हा आहे, आणि याचे उत्तर आपल्याच धार जिल्ह्यात अंशतः उघडे पडले आहे. विंध्याचा कडा उतरून बाघ-कुक्षीकडे गेले की काळा दगड संपून वालुकाश्म आणि चुनखडक दिसतात. बाघची लेणी अशाच वालुकाश्मात कोरलेली आहेत. तिथल्या चुनखडकात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात, कारण सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्यानंतरच्या काळातल्या डायनासोरांच्या घरट्यांसाठीही हा भाग प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. त्याच वर्षी पाडल्या गावातली बातमीही आपण वाचली असेल. तिथे काकड भैरव म्हणून पुजले जाणारे गोल दगड तपासल्यावर डायनासोरची अंडी निघाली.

म्हणजे लाव्ह्याच्या आधी इथे समुद्र होता, नद्या होत्या, गाळ साचला होता. हे सिद्ध आहे. त्या गाळात तेल आहे की नाही, ही पुढची आणि पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे.

गाळापासून तेलापर्यंत पाच पायऱ्या

तेल सापडण्यासाठी पाच गोष्टी एकत्र जमाव्या लागतात. पहिली, सेंद्रिय द्रव्याने भरलेला शेलसारखा खडक. दुसरी, तो खडक पुरेसा खोल जाऊन योग्य तापमानाला शिजलेला असणे. कमी तापला तर तेल होत नाही, जास्त तापला तर फक्त गॅस उरतो किंवा काहीच उरत नाही. तिसरी, तेल साठवायला सच्छिद्र खडक. चौथी, ते वर निसटू नये म्हणून घट्ट झाकण. पाचवी, तेल वाहण्याच्या आधी तयार झालेली घुमटासारखी किंवा खडक तुटून सरकल्याने बनलेली अशी रचना, जिथे ते अडकून राहील.

यांपैकी प्रत्येक गोष्ट जमण्याची शक्यता निम्मी धरली, तर पाचही जमण्याची शक्यता ३२ मध्ये एक होते. प्रत्येक शक्यता ७० टक्के धरली तरी एकूण शक्यता सहात एक एवढीच. कंपनीचा अधिकारी जेव्हा सांगतो की इथे उत्तम शेल आहे, तेव्हा तो खरे बोलत असेल, पण पाचांतली एकच गोष्ट सांगत असतो.

मालव्यात आणखी एक अडचण आहे. जमिनीत धक्का देऊन परत येणाऱ्या लहरी मोजायच्या आणि खालच्या थरांचे चित्र काढायचे, ही तेलशोधाची नेहमीची पद्धत. बेसाल्टच्या थरांतून जाताना या लहरी विखुरतात आणि खालचे चित्र धूसर होते. म्हणून गुरुत्वाकर्षण आणि विद्युत-चुंबकीय मोजमापांची जोड द्यावी लागते. तरीही शेवटचा शब्द विहिरीचाच. महाराष्ट्रातली दोन उदाहरणे पाहा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोदलेल्या विहिरीत ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर लागला. कोयनेच्या परिसरातल्या विहिरीत सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळ नाहीच. काळ्या दगडाखाली सगळीकडे बाघसारखे खडक असतीलच असे नाही.

शेजारच्या गुजरातेत तेल कसे, असे कोणी विचारील. खंभातच्या खोऱ्यात हाच काळा दगड खोल तळाशी आहे आणि तेल देणारा गाळ प्रामुख्याने त्याच्या वर साचलेला आहे. आपल्याकडे काळा दगड वर आणि गाळ, असलाच तर, खाली. अंकलेश्वरची तुलना मालव्याला लागू पडत नाही ती यामुळे.

‘कमी शोधलेली खोरी’ म्हणजे काय?

देशात गाळाच्या खडकांची २६ खोरी मोजली जातात. सरकारने त्यांचे तीन वर्ग केले आहेत. जिथून तेल-गॅस निघते आहे ती पहिल्या वर्गात, जिथे सापडले आहे पण व्यापारी उत्पादन व्हायचे आहे ती दुसऱ्यात, आणि जिथे फक्त अंदाज आहे ती तिसऱ्यात. नर्मदेचे खोरे आणि बेसाल्टखालचा दख्खनचा प्रदेश तिसऱ्या वर्गात येतात. आपल्याच राज्यातले विंध्य खोरे दुसऱ्यात आहे, कारण दमोह जिल्ह्यात ओएनजीसीला गॅस लागला. वर्ग बदलतोही. पश्चिम बंगालमध्ये अशोकनगरच्या विहिरीतून डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन सुरू झाले आणि बंगालचे खोरे उत्पादक खोऱ्यांत जाऊन बसले.

२०१७ पासून कंपन्यांना हवा तो भाग स्वतः आखून मागता येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने आणखी सवलत दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातल्या खोऱ्यांत, नफा अतिप्रचंड झाला तरच सरकार उत्पन्नात वाटा घेणार. रॉयल्टी मात्र द्यावी लागते. अशा ठिकाणी बोली लागते ती किती सर्वेक्षण आणि किती विहिरी करणार यावर. म्हणून ब्लॉक मिळाला या बातमीचा अर्थ, शोध घेण्याचे वचन देऊन परवाना मिळाला, एवढाच असतो.

छोटी कंपनी पोट कशावर भरते?

मोठ्या तेल कंपनीला जुन्या विहिरींचे उत्पन्न असते. छोट्या शोध कंपनीला बहुधा ते नसते. तिच्याकडे परवाना, काही भूशास्त्रज्ञ, जुन्या सर्वेक्षणांचे नकाशे आणि भागधारकांचा पैसा असतो. पैसा संपला की ती नवे शेअर काढते. समजा कंपनीचे १०० शेअर आहेत आणि त्यांतले १० आपले. कंपनीने आणखी १०० काढले की आपला वाटा दहा टक्क्यांवरून पाचवर येतो. तेल सापडले तरी आपल्या वाट्याचे तेल निम्मे झालेले असते.

दुसरा मार्ग भागीदाराचा. छोटी कंपनी सर्वेक्षणापर्यंत काम करते, मग मोठीला सांगते की विहिरीचा खर्च तू कर आणि एवढा हिस्सा घे. देवासला एकाच गावात थोरली आणि धाकटी पाती नांदत होत्या, तसे एका ब्लॉकचेही वाटेकरी असतात. फरक एवढाच की इथे कारभार एकाच वाटेकऱ्याच्या हाती असतो. जाणकार भागीदार स्वतःचा पैसा घालून येणे ही चांगली खूण. वर्षानुवर्षे कोणीच न येणे हीही खूणच.

हे धाडस फळते तेव्हा कसे फळते याचे उत्तम उदाहरण बाडमेरचे. राजस्थानच्या त्या ब्लॉकचा करार १९९५ चा. शेल या जगड्व्याळ कंपनीने तिथला रस सोडला आणि तिचा हिस्सा एडिनबरोच्या केर्न एनर्जीने विकत घेतला. तिच्या तुलनेत केर्न लहान. विहिरीमागून विहिरी खोदल्यावर जानेवारी २००४ मध्ये मंगला क्षेत्र सापडले. ते तेल इतके मेणचट होते की नेहमीच्या तापमानाला गोठायचे. त्यासाठी गुजरातपर्यंत सतत तापवत ठेवावी लागणारी नळवाहिनी टाकावी लागली. मंगलाचे पहिले उत्पादन २९ ऑगस्ट २००९ ला सुरू झाले. करारापासून चौदा वर्षे, सापडल्यापासून साडेपाच वर्षे.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले. नामिबियाच्या कावांगो भागात कॅनडातल्या रेकॉनआफ्रिका या छोट्या कंपनीने २०२१ मध्ये पहिली विहीर खोदायला घेतली. त्या वर्षी तिचा शेअर झपाट्याने चढला आणि पुढे त्यातली बहुतेक चढण उतरली. चढत्या भावात घेणाऱ्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. खालच्या खडकात त्या काळात काहीही बदललेले नव्हते, बदलला होता तो फक्त लोकांचा अंदाज.

शेअर घेण्यापूर्वी

कंपनीच्या कागदात तेलाचा आकडा दिसला की तो कोणत्या शब्दापुढे आहे ते पाहावे. ‘संभाव्य’ म्हणजे विहीर न खोदता केलेला अंदाज. ‘आकस्मिक’ किंवा ‘सशर्त’ म्हणजे सापडलेले, पण काढणे अजून परवडणारे न ठरलेले. ‘साठा’ हा शब्द फक्त त्यानंतरचा. जमिनीत असलेले एकूण तेल आणि वर काढता येणारे तेल हेही वेगळे. पुष्कळदा तिसरा हिस्साच वर येतो. कंपनीकडे पुढच्या विहिरीपुरती रोकड आहे का, हा तिसरा प्रश्न. आणि शिफारस करणारा सेबीकडे नोंदलेला सल्लागार आहे का, हा पहिलाच.

शेतात सर्वेक्षण आले तर

बदनावरला जमिनीचा विषय नवा नाही. भैंसोल्याच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ ला झाली, ती आपल्याच तहसिलीत. तेलाचे मात्र वेगळे आहे. जमिनीवरच्या क्षेत्रात शोधाचा परवाना राज्य शासन देते आणि तेल निघाले तर रॉयल्टी राज्याला जाते, शेतमालकाला नाही. शेतमालकाला मिळते ते पिकाचे नुकसान, जमिनीचे भाडे किंवा घेतलेल्या जमिनीची किंमत. म्हणून ‘तुमच्या शेतात तेल निघाले तर तुम्ही करोडपती’ असे सांगून कोणी कमी भाडे किंवा आगाऊ रक्कम मागत असेल, तर तिथेच थांबावे.

सर्वेक्षणाच्या लोकांकडे परवान्याची प्रत आणि जिल्हा प्रशासनाचे पत्र मागावे. धक्का देण्यासाठी छोट्या बोअरमध्ये स्फोटक वापरणार की कंपन देणारे ट्रक आणणार, आणि विहीर-ट्यूबवेलपासून किती अंतर ठेवणार, हे लेखी घ्यावे. काम सुरू होण्यापूर्वी ट्यूबवेलची पाण्याची पातळी मोजून तारखेसह फोटो काढावेत. भरपाईचा दर, बुजवायचे खड्डे आणि मुदत कागदावर असावी, आणि पटवाऱ्यासमोर पंचनामा व्हावा. विहीर खोदायला जमीन भाड्याने दिलीच, तर काम संपल्यावर ती पूर्ववत कोण करून देणार, हे कलम नसेल तर सही करू नये.

मालव्याखाली काय आहे हे शोधायला कोणी आले तर त्यात वाईट काही नाही. सरकारी असो वा छोटी खासगी कंपनी, कोणीतरी खोदल्याशिवाय ते कळणारही नाही. फक्त शोधाची जोखीम ज्याने पत्करली आहे त्याच्याकडेच ती राहावी. आपल्या रानावर आणि आपल्या पेन्शनवर ती नकळत येऊ नये. ज्या घरी असा करारनामा किंवा असा सल्ला आला असेल त्यांनी सही करण्यापूर्वी तो मंडळाच्या मासिक बैठकीत घेऊन यावा. आपल्यात वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, इंदूर-उज्जैनला भूशास्त्र शिकणारी मुलेही असतील. चार डोळ्यांखालून कागद गेला की त्यातले बारीक अक्षर मोठे दिसू लागते.